घरच्या डॉप्लरवर कधी ८२, कधी १६४: नक्की ठोके कुणाचे?

प्रश्न:
गरोदरपणाचा १३वा आठवडा चालू आहे. बाळाचे ठोके ऐकायला हातात धरायचा डॉप्लर आणलाय. पंधरा मिनिटं फिरवला तरी नुसता 'सूंऽ सूंऽ' आवाज येतो. आकडा मधेच ८२, मधेच १६४. ८२ म्हणजे बाळाचे ठोके कमी आहेत का? प्रोब (पोटावर टेकवायचं टोक) कुठे धरायचा?

प्रतिसाद १:
आधी त्या ८२ चं बघू. डॉप्लर कानासारखा ऐकत नाही. तो ध्वनिलहरी आत पाठवतो आणि जे काही हलतंय त्यावरून परत आलेल्या लहरींचा आवाज करतो. त्यामुळे आईच्या रक्तवाहिन्या, वारेतलं (प्लासेंटातलं) रक्त, नाळ, सगळंच वाजतं. ८२ बहुतेक तुमचीच नाडी असावी. डॉप्लर चालू असताना दुसऱ्या हाताने मनगटावरची नाडी धरा. दोन्ही एकाच लयीत पडत असतील तर तो आवाज तुमचा.

आकड्यावर मात्र विसंबू नका. स्वस्त यंत्रं एका ठोक्याचे दोन मोजतात किंवा दोनाचा एक. तुमच्या ८२ ची दुप्पट बरोबर १६४ होते, म्हणजे इथे तेच होत असण्याची शक्यता आहे. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद स्वतः मोजा. बाळाचे ठोके साधारण ११० ते १६० असतात, इतक्या सुरुवातीला थोडे जास्तही. आवाज घोड्याच्या टापांसारखा, तुटक आणि वेगवान. सूंऽ सूंऽ म्हणजे रक्ताचा प्रवाह. तो तुमच्या नाडीबरोबर असेल तर गर्भाशयाचा, त्याहून खूप वेगवान असेल तर नाळेतला.

आता जागा. १३व्या आठवड्यात गर्भाशय अजून ओटीपोटातच असतं, त्यामुळे बेंबीजवळ शोधून काही मिळत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या हाडाच्या लगेच वर, मध्यरेषेवर जेल भरपूर लावा. प्रोब आणि त्वचेमध्ये हवा राहिली की लहरी आत जातच नाहीत. प्रोब टेकवून त्याचं तोंड खाली, पायांच्या दिशेने कलवा. मग जागा न सोडता फक्त कोन बदला, अगदी सावकाश. भराभर घासत गेलात तर नुसती खरखर. लघवी थोडी साठलेली असेल तर गर्भाशय वर उचललं जातं, तेवढाच फायदा.

वार पुढच्या बाजूला असेल, गर्भाशय मागे झुकलेलं असेल किंवा पोटावर चरबी जास्त असेल तर या आठवड्यात घरी काहीच न सापडणं अगदी साहजिक आहे. दोन-चार मिनिटांत मिळालं नाही तर थांबा. पंधरा मिनिटं नको. लहरींची ऊर्जा विनाकारण आत सोडत राहायचं कारण नाही.

प्रतिसाद २:
स्टेथोस्कोपने आत्ता प्रयत्न करू नका, साधारण २० आठवड्यांआधी त्यात काही येत नाही. ठोके ऐकायचा पिनार्डचा शिंगासारखा कर्णा असतो, त्याचंही तसंच. शिवाय पोटावर जिथे बाळाची पाठ असेल तिथेच त्याने नीट ऐकू येतं. शेवटच्या महिन्यांत डोकं खाली असेल तर ठोके बेंबीच्या खाली एका बाजूला मिळतात, पायाळू असेल तर वर. तेव्हा उताणं पडून ऐकू नका, कमरेखाली उशी घालून डावीकडे कला. मोबाइलच्या माइकवर चालणाऱ्या अ‍ॅपवर तर अजिबात भरवसा ठेवू नका.

प्रश्नकर्ती:
खूप मदत झाली. पुढे कधी हालचाल कमी वाटली तर आधी डॉप्लर लावून खात्री करून घ्यायची ना?

प्रतिसाद १:
नाही. हे मात्र कृपया लक्षात ठेवा. प्राणवायू कमी पडू लागला की बाळ आधी हालचाल कमी करतं. हृदय चालूच असतं, कधीकधी अगदी नेहमीच्या वेगाने. म्हणजे धोका असतानाही डॉप्लरवर १४० दिसू शकतो, आणि त्या १४० मुळे दवाखान्यात जायला उशीर होतो. दवाखान्यात सीटीजीवर (ठोक्यांचा सलग आलेख काढणाऱ्या यंत्रावर) निदान २० मिनिटं ठोक्यांचा चढउतार बघतात, घरच्या यंत्रावरून तो कळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्येच घरच्या वापराविरुद्ध इशारा दिला आहे.

हालचाल १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराला जाणवू लागते, पहिलटकरणीला थोडी उशिराही. २८ आठवड्यांपर्यंत बाळाची आपली एक लय बसते. ती बदलली, मंदावली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, थेट फोन करा आणि निघा. तसंच रक्तस्राव, पाणी जाणं किंवा सतत पोटात दुखणं असेल तर डॉप्लरला हातच लावू नका.