शब्दचर्चा : ‘हेरेड’ म्हणजे ग्रामीण नगरपालिका?

उंबरठा :
एका नॉर्वेजियन घराण्यातल्या जुन्या पत्रांचं मराठी करते आहे. नॉर्वेजियन येत नाही, मधल्या इंग्रजीवरून करते आहे (हो, ठाऊक आहे, ओरडू नका). १९३० ते १९५० या काळातली पत्रं आहेत आणि बहुतेकांच्या डोक्यावर ठिकाण म्हणून ‘आकेर हेरेड’ असं लिहिलेलं आहे. इंग्रजी अनुवादकाने केलंय त्याचं सरळ मराठी होतं ‘ग्रामीण नगरपालिका’. मी तसंच लिहून पाठवलं. संपादकांनी त्याभोवती लाल गोल काढला आणि बाजूला एकच शब्द लिहिला, ‘कसं?’ खरंच आहे. जे ग्रामीण ते नगर कसं? मग काय लिहू? ग्रामपंचायत चालेल? आणि ‘ओर्डफोरर’ नावाचा कुणी वरचेवर येतो, त्याला मी सरपंच करून टाकलंय. तेही चुकलं का?

वांगीपोहे :
उपवासाची मिसळ चालते, मग ग्रामीण नगरपालिकेनेच काय घोडं मारलंय?

सातबारा :
ताई, चौतीस वर्षं तलाठ्याची नोकरी केली, त्या अनुभवावर सांगतो. आपल्या जुन्या कागदात गावाच्या नावाआधी ‘मौजे’ लागतं आणि बाजारपेठेच्या गावाला ‘कसबे’. मौजे अमुक, कसबे तमुक. वाचणाऱ्याला लगेच कळतं की कुठे शेतं आहेत आणि कुठे दुकानं. तुमचं हेरेड मौजेवालं दिसतंय. पण एका हेरेडात गावं किती? एकच असेल तर मौजे, पुष्कळ असतील तर महाल किंवा परगणा लिहा. परगणा शब्द मेलाय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मेलेल्या गोष्टीला मेलेला शब्द शोभतो.

ध्रुवतारा :
अकरा वर्षं ऑस्लोत राहतो आणि ज्या जमिनीवर राहतो ती आकेरचीच. त्यामुळे जरा लांबण लावतो.

सातबाराकाकांची मौजे-कसबे ही जोडी अगदी नेमकी लागू पडते. नॉर्वेत ‘ब्यू’ म्हणजे शहर. शहर नसलेल्या भागाची जी स्वतंत्र पालिका, ती ‘हेरेड’. म्हणजे ‘शहर नव्हे’ हाच त्या शब्दाचा अर्धा अर्थ, आणि नेमका त्यालाच आपण ‘नगर’ चिकटवतो. दोन्हींसाठी सामाईक शब्द ‘कोमूने’.

परगणा मात्र पटत नाही. परगणा, महाल, तालुका हे वरून आखलेले वसुलीचे तुकडे. हेरेडचं वळण वेगळं. १४ जानेवारी १८३७ला नॉर्वेत स्थानिक कारभाराचे कायदे झाले, एक शहरांसाठी, एक गावाकडच्या मुलखासाठी. पुढच्या वर्षी आकेर या कायद्याखाली आलं. शाळा, गरिबांचा सांभाळ, रस्ते यांचा खर्च गावकऱ्यांनी निवडलेली माणसं ठरवू लागली. गावकरी म्हणजे तेव्हा कोण, तर पंचवीस वर्षांवरचे पुरुष, त्यातही मुख्यतः ज्यांच्या नावावर किंवा खंडाने जमीन होती ते. स्थानिक निवडणुकीत ठरावीक उत्पन्न असलेल्या घरच्या बायकांना मत मिळालं १९०१मध्ये, सगळ्यांना १९१०मध्ये.

आता ग्रामपंचायत का नको ते. आकेर हे ऑस्लोला तिन्ही बाजूंनी वेढून बसलेलं हेरेड. १ जानेवारी १९४८ला ते ऑस्लोत विलीन झालं तेव्हा तिथे सुमारे १ लाख ३१ हजार लोक राहत होते. स्वतःचं इस्पितळ होतं, १८९५पासूनचं, आजही आकेर याच नावाने आहे. १९१७मध्ये काढलेली रेल्वे कंपनी होती, तिची मुख्य मालकी या हेरेडकडे. सोग्न्सवान तळ्याकडे जाणारा फाटा याच कंपनीने १९३४मध्ये सुरू केला. रविवारी मी त्याच गाडीने जातो. शेवटच्या स्टेशनावर निम्मा डबा पाठीला स्की लावून उतरतो आणि पाच मिनिटांत सगळे जंगलात गडप होतात. इतकं सगळं चालवणाऱ्या संस्थेला ग्रामपंचायत म्हटलं तर वाचकाच्या डोळ्यांसमोर येणार पत्र्याचं छप्पर, भिंतीवर योजनांचे तक्ते आणि बाहेर बांधलेली शेळी.

उंबरठा :
बाप रे. मग मुळात त्याला गाव का म्हणायचे? आणि विलीन म्हणजे काय, आपल्याकडे ‘हद्दवाढ’ म्हणतात तेच ना?

ध्रुवतारा :
तेच. पुण्यात २०१७मध्ये अकरा आणि २०२१मध्ये तेवीस गावं आली, तोच शब्द वापर. शहराने आकेरचे लचके आधीही तोडले होते, १८५९ आणि १८७८मध्ये. आज ज्याला आपण जुनं, भारदस्त ऑस्लो समजतो त्यातला बराच भाग त्या दोन घासांत आला. पण १९४८ची गंमत अशी की गिळणारा चिमुकला होता आणि घास अवाढव्य. ऑस्लो होतं १७ चौरस किलोमीटर, झालं ४५३. सव्वीस-सत्तावीस पट! माणसं मात्र शहरात दुपटीहून जास्त, २ लाख ८६ हजार.

कारण अगदी ओळखीचं. शहरात इंच जागा उरली नव्हती. लोक नोकरी ऑस्लोत करायचे, घर आकेरात बांधायचे आणि प्राप्तिकरातला पालिकेचा वाटा, जिथे राहतो तिथे, म्हणजे आकेरात भरायचे. पश्चिम आकेर तर चांगलंच पैसेवाल्यांचं. शहर म्हणे रस्ते आमचे झिजवता. आकेर म्हणे मग जमीन कशाला मागता? पत्रांत करावरून कुरबूर असेल बघ.

उंबरठा :
आहे! एका पत्रात नुसती करावरून दोन पानं शिव्या आहेत. मला वाटलं म्हातारा तिरसट आहे.

मात्रावेलांटी :
कराचं तुम्ही बघा, मी नावावर येते. ‘आकेर’ म्हणजे शेत, नांगरलेली जमीन. जुन्या नॉर्समध्ये ‘अक्र’. लॅटिनमध्ये ‘अगेर’, ग्रीकमध्ये ‘अग्रोस’, आणि ऋग्वेदात ‘अज्र’, अर्थ तोच, मोकळं मैदान, शेत. सगळे एकाच पोटचे. आपल्या मराठीत अज्र काही उरला नाही, पण त्याचं इंग्रजी भावंड घरात शिरलंच : एकर! म्हणजे सातबाराकाका आयुष्यभर ज्याचे चाळीस गुंठे करत आले, तो एकर आणि हे आकेर सख्खे चुलत. उलट संस्कृतातला ‘आकर’, रत्नाकरातला, कानाला अगदी सारखा वाटतो, पण तो खाणीचा. त्याचा इथे काहीएक संबंध नाही. कुणी तसा जोडला तर भांडेन.

शहराला ‘ब्यू’ आणि खेड्यापाड्याच्या वस्तीला ‘बिग्द’ हे दोन्ही राहणे-वसणे या अर्थाच्या एकाच मुळातून आलेले, आणि ते मूळ आपल्या ‘भू’चं, ज्यातून भवन आलं. शेतवाडीला ते म्हणतात ‘गोर’. ते ‘गृह’चं भावंड मानतात, म्हणजे आपलं घर.

हेरेड मात्र जरा आडमुठं आहे. जुनं रूप ‘हेरअद्’. त्यातल्या पहिल्या तुकड्यात ‘हेर’ म्हणजे सैन्य आहे असं बहुतेक जण धरतात. आणि जपून, डेन्मार्क-स्वीडनमध्ये हाच शब्द न्यायनिवाड्याच्या विभागाला लावत. तिथलं भाषांतर इथे आणून चिकटवू नका.

सातबारा :
एकराचं वाचून बरं वाटलं. तिकडे जमीन एकरात मोजतात का?

ध्रुवतारा :
नाही काका, ‘मोल’मध्ये. एक मोल म्हणजे हजार चौरस मीटर, म्हणजे जेमतेम दहा गुंठे. नवीन आलो होतो तेव्हा कुणीतरी म्हणालं, अमक्याच्या आजोबांचं आकेरात शंभर मोल होतं. मला वाटलं किंमत सांगतोय.

मात्रावेलांटी :
मोल म्हणजे माप. मूल्याशी नातं नाही; माप, मान, मात्रा यांच्या ‘मा’शी आहे.

वांगीपोहे :
आजोबांचं शंभर मोल आता अनमोल झालं असणार.

उंबरठा :
ओर्डफोररकडे कुणी बघतंय का?

मात्रावेलांटी :
‘ओर्ड’ म्हणजे शब्द, ‘फोरर’ म्हणजे नेणारा. सभेचा शब्द पुढे नेणारा, सभेच्या वतीने बोलणारा. त्याच्याबरोबरच्या आतल्या मंडळाला ‘फोर्मान्स्काप’ म्हणतात. फोड करा : ‘फोर’ म्हणजे पुढे, ‘मान’ म्हणजे माणूस, ‘स्काप’ म्हणजे पणा किंवा मंडळ. पुढे असलेला माणूस, म्हणजे शब्दाला शब्द आपला ‘पुढारी’! १८३७च्या कायद्यात थोडे पुढारी आणि त्यांच्या तिप्पट प्रतिनिधी अशी रचना होती. ‘पुढारीमंडळ’ लिहायचा मोह होतोय, पण आपल्याकडे पुढारी म्हटलं की पांढरी गाडी आणि मागे चार पोरं. नको.

ध्रुवतारा :
उच्चारात ‘ड’ गळतो, ‘ऊरफोरर’सारखं ऐकू येतं. लिहिताना ओर्डफोरर ठेवलंस तरी चालेल.

पण सरपंच लिहिण्याआधी पत्राची तारीख बघ. जर्मनांनी नॉर्वे घेतल्यावर डिसेंबर १९४०मध्ये हुकूम निघाला आणि १ जानेवारी १९४१पासून निवडून आलेल्या स्थानिक सभांचे अधिकार गेले. सगळा कारभार एकट्या ओर्डफोररच्या हातात, आणि तो वरून नेमलेला. पदाचं नाव तेच ठेवलं. ज्या सभेचा शब्द न्यायचा तीच नाही. शब्द गेला, फोरर तेवढा उरला. या फोररचा जर्मन भाऊ कोण ते सांगायला नको.

उंबरठा :
थांबा, थांबा. १९४२च्या एका पत्रात वाक्य आहे : ‘ओर्डफोररकडे गेलो नाही, जाणारही नाही.’ मी लिहिलंय ‘सरपंचाकडे गेलो नाही’. वाचताना वाटतं बांधावरून भांडण झालंय!

सातबारा :
तिथे ‘प्रशासक’ लिहा. निवडणूक न होता महापालिका प्रशासकाच्या हाती जाणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं शिकवायला नको.

मात्रावेलांटी :
काका, अर्थ चोख बसतो, पण मी विरोधात. पत्र लिहिणाऱ्याने शब्द बदललेला नाही. १९३८मध्येही ओर्डफोरर, १९४२मध्येही ओर्डफोरर. तोच शब्द कडवट झालाय. आपण मराठीत शब्द बदलला की कडवटपणा अनुवादकाचा होतो, पत्रलेखकाचा राहत नाही.

सातबारा :
आणि वाचकाला कळलंच नाही तर? टीप कोण वाचतं?

मात्रावेलांटी :
मी वाचते.

वांगीपोहे :
मी फक्त टिपाच वाचतो.

ध्रुवतारा :
माझं मत मात्रावेलांटीच्या बाजूने. आणि हेरेडही तसंच ठेव. तालुका कुठे मराठी होता, अरबीतून येऊन आपला झालाच ना. कारभाराबद्दल बोलताना नुसतं ‘पालिका’ लिही, त्यात नगरही नाही आणि ग्रामही नाही. हेरेड तिथे तरी कुठे पूर्ण मेलंय? कायद्याने आता सगळेच कोमूने, १९३०मध्ये ७४७ होते, विलीन होत होत आज ३५७. पण उल्विक, क्वाम, वोस हे अजून स्वतःला हौसेने ‘हेरद’ म्हणवतात.

आकेरही गेलं असं म्हणवत नाही. ऑस्लोच्या नकाशात दोन तृतीयांश भाग जंगल आहे, ते आकेरबरोबर आलेलं. मेट्रोची स्टेशनं बघ, ब्लिंडर्न, सिन्सेन, ओप्साल, मांगलेरुद, ही सगळी तिथल्या शेतवाड्यांची नावं. हद्दवाढीनंतर शेतात वसाहती उठल्या, लांबर्टसेटर सगळ्यात आधी, आणि शेतवाड्यांची नावं स्टेशनांच्या पाट्यांवर चढली.

उंबरठा :
ठरलं. पत्राच्या डोक्यावर ‘आकेर हेरेड’, आत ‘पालिका’, आणि ओर्डफोरर अथपासून इतिपर्यंत ओर्डफोरर. पहिल्या पत्राला एक टीप आणि १९४१च्या पहिल्या पत्राला दुसरी. संपादकांना कळवलं. त्यांचं उत्तर : ‘टीप चार ओळींच्या आत.’

आता एकच राहिलं. पत्रलेखकाच्या मामाच्या गावी, दूर खेड्यात, एक ‘लेन्स्मान’ आहे. पोलीस पाटील लिहू?

सातबारा :
काम काय करायचा?

ध्रुवतारा :
पोलिसाचं. शिवाय जप्ती आणि वसुलीही त्याच्याकडेच. सरकारने नेमलेला.

सातबारा :
मग पोलीस पाटील नव्हे. आमचा पाटील मानधनावरचा, जप्तीला आला तर पंच म्हणून सही करायला. तुमचा हा लेन्स्मान निम्मा फौजदार, निम्मा सर्कल. अशा माणसाला आमच्या गावात लोक नुसतं ‘साहेब आले’ म्हणायचे आणि कोंबड्या आत घ्यायचे.