मातीस यांच्या धर्तीचे कागदी कोलाज: आकार ताठर का दिसतात?

निळी_कात्री:
फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्या उत्तरकाळातील कागदी कामे पाहून मी दोन महिने घरी तशी कोलाजे करून पाहत आहे. घोटीव कागदावर पेन्सिलने पान किंवा मासा काढते, रेषेवरून कापते आणि फेव्हिकॉलने कार्डशीटवर चिकटवते. परंतु जे तयार होते ते शाळेतल्या चिकटकामासारखे दिसते, आणि वर कागदाला सुरकुत्याही पडतात. माझे नेमके कुठे चुकते आहे?

रंगपेटी:
पहिली अडचण घोटीव कागदाची आहे. १९४१ मध्ये ल्याँ येथे झालेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीस यांचा बराच वेळ अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत जाई; त्यांच्या मदतनीस पांढऱ्या कागदांवर गुआश (अपारदर्शक जलरंग) रंगाचे सपाट हात देऊन ठेवत आणि ते त्या रंगीत कागदांतून थेट आकार कापत. त्यामुळे जवळून पाहिल्यास रंगाच्या आत ब्रशचे फटकारे दिसतात, आणि छापील चकचकीत कागदात नेमके तेच नसते. तुम्ही पोस्टर कलर दुधाच्या सायीइतका दाट ठेवून रुंद ब्रशने लावा. फार जाड थर दिलात, तर वाळल्यावर तो तडकेल. कापताना कात्री जवळजवळ जागेवर ठेवून कागद फिरवावा, म्हणजे वळणे तुटत नाहीत. आणि पेन्सिल बाजूला ठेवा, कारण रेषेवर चालणारी कात्री आज्ञाधारक होते.

जुना_कागद:
पेन्सिलविषयी मी इतका ठाम राहणार नाही. मातीस यांच्या १९५२ मधील निळ्या कागदी विवस्त्र आकृतींपैकी जी ‘चौथी’ म्हणून ओळखली जाते, ती खरे तर आधी सुरू झाली, तिच्यावर कोळशाच्या रेषा अजून दिसतात आणि तिच्यासाठी बरीच रेखाटने करावी लागली. पुढच्या आकृती सहज कापल्यासारख्या वाटतात, त्यामागे ही मेहनत आहे. आधी तोच मासा वहीत वीसदा काढा, मग वही न बघता कापा.

माझ्या मते तुमची खरी चूक घाईने चिकटवण्याची आहे. मातीस यांच्याकडे तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावले जात आणि ते सांगतील तसे हलवले जात. कापून उरलेला बाहेरचा भागही टाकू नका, तेही त्यांनी आकार म्हणून वापरले आहेत. सुरकुत्यांचे म्हणाल, तर फेव्हिकॉलमध्ये पाणी घालण्यापेक्षा मैद्याची घट्ट खळ तुकड्याच्या मधल्या भागाला थोडी लावून वर वजन ठेवा, कडा मोकळ्या राहू द्या. किंचित उचललेल्या कडेची सावली पडते, तिच्यात या कामाचा जीव आहे. १९४७ मध्ये ‘जाझ’ हे त्यांच्या कागदकामांचे पुस्तक छापून आले तेव्हा मातीस नाराज झाले, ते कापलेल्या कागदाचा हा उठाव छपाईत सपाट झाल्यामुळेच.

निळी_कात्री:
दोघांचेही आभार. काल तीन पाने टाचण्यांनी लावली आणि आज सकाळी त्यांतले हिरवे पान दोन बोटे खाली सरकवले, तेव्हा कोपऱ्यातला लाल तुकडा अनावश्यक असल्याचे लक्षात आले. आता हे काचेच्या चौकटीत बसवले, तर कडा दबणार नाहीत का?

जुना_कागद:
काच आणि कागद यांच्यामध्ये जाड माउंटबोर्डची पट्टी घालायला सांगा. पार्श्वभूमीला मात्र गोणपाट घेऊ नका. मातीस यांच्या ‘द स्विमिंग पूल’ या कामामागचे गोणपाट काळाने इतके काळवंडले, की न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला ते बदलावे लागले.