मदत हवी आहे: जंगल जास्त तोडलं तिथे शेवाळ जास्त? ग्राफ उलटा येतोय

ऐरोलीची_ठमी (मंगळवार, रात्री ११:४०)
मंडळी, डोकं आउट झालंय. शुक्रवारी प्रेझेंटेशन द्यायचंय. कॅनडातल्या जंगलाचा डेटा आहे, झाडं किती टक्के तोडली आणि नंतर जमिनीवर काय उगवलं याचा. जास्त तोड म्हणजे जास्त ऊन, म्हणजे गवत जास्त, एवढं मलाही कळतं. येतंय नेमकं उलटं. १० वाल्या प्लॉटांत गवतच गवत आणि ७५ ला शेवाळ. १०० ला तर शेवाळाची गादी! फॉर्म्युले तीनदा तपासले, पिव्होट नव्याने केला. असं होऊ शकतं का? लवकर सांगा प्लीज.

घोडबंदरकर
कुठलं गवत? कुठलं शेवाळ? तोडून किती वर्षं झाली, आणि तोड कुठल्या ऋतूतली? यातलं एकही न सांगता लवकर सांगा म्हणताय.

मुरबाडचा_आप्पा
ठमीताई, होऊ शकतं. तोडलं की जंगल मेलं हे शहरातल्या माणसांचं गणित. आमच्याकडे राबासाठी, म्हणजे शेत भाजायला, ऐनाच्या फांद्या पिढ्यान्‌पिढ्या तोडतायत, ऐन उभाच आहे. सागाचा कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडला की पहिल्या पावसात प्रत्येक थोटाला फुटवे. तोड नीट केली तर जंगल जोमाने येतं. तुमचा डेटा बरोबर असणार.

खारघरची_मैना
आप्पा, साग फुटतो म्हणून तिकडचा सूचिपर्णी स्प्रूस फुटत नाही. थोटातून काही येत नाही त्याला. बी पडावं लागतं, तेही उघड्या ओलसर मातीवर किंवा कुजलेल्या ओंडक्यावर. दहा वर्षांनी गेलात तरी रोप गुडघ्याएवढंच दिसेल.

मुरबाडचा_आप्पा
मग तिकडे फुटणारं झाडच नाही म्हणता?

खारघरची_मैना
आहे की, अस्पेन. पण तो मुळांतून फुटतो, आपल्या पळसासारखा. वरचं झाड गेलं की शेंड्याकडून मुळांकडे येणारं ऑक्झिन हे संप्रेरक थांबतं, मातीला ऊन लागतं आणि मुळावरचे डोळे जागे होतात. सगळी तोड केलेल्या जागी अस्पेनची नुसती दाटी होते.

येऊर_रिटर्न्स
मियावाकी पद्धतीने दाटीवाटीने झाडं लावा. दोन वर्षांत घनदाट.

खारघरची_मैना
कॅनडात???

वाघबीळची_बाल्कनी
उत्तरेकडच्या जंगलाचा विषय आहे म्हणून विचारतो. ब्ल्यूबेरी कुंडीत लावलीय, पानं पिवळी पडतायत. माती आपली नेहमीची लाल, शेणखत घातलंय. काय करू?

खारघरची_मैना
@बाल्कनी, या कुळाला आम्लधर्मी माती आणि हिवाळ्यात खरी थंडी लागते. वाघबीळला यातलं एकही नाही. आणि धागा वेगळा काढा.

ठाणे_पूर्व_७
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ऐरोलीची_ठमी
ब्ल्यूबेरीवर बोला, माझं राहू द्या. सॉरी, चिडतेय. गवत कॅलामॅग्रोस्टिस कॅनाडेन्सिस. शेवाळं दोन, हायलोकोमियम आणि प्लुरोझियम. तोड १९९८-९९ च्या हिवाळ्यातली. ऋतूचा काय संबंध ते कळलं नाही. आकडे ०, १०, २०, ५०, ७५, १००. ० म्हणजे अर्थातच न तोडलेलं.

घोडबंदरकर
‘अर्थातच’ हे कुठे लिहिलंय? कॉलमचं नाव काय आहे ते जसंच्या तसं टाका.

ऐरोलीची_ठमी
नुसतं ‘ट्रीटमेंट’. पुढे टक्के. तोडीचा डेटा आहे म्हटल्यावर तोडीचेच टक्के ना?

घोडबंदरकर
नाही. अल्बर्टात पीस रिव्हर गावाच्या वायव्येला ईमेंड नावाचा मोठा प्रयोग आहे, तोड त्याच हिवाळ्यातली आणि आकडेही हेच. तिथे आकडा म्हणजे किती झाडं उभी ठेवली. ७५ म्हणजे चतुर्थांशच कापली. १०० म्हणजे हातच लावला नाही, ते कंट्रोल, तुलनेसाठी ठेवलेलं. तुमचं ० ते सफाचट. ग्राफ सरळच आहे, तुम्ही तो उलटा धरलाय.

ऋतूचं म्हणाल तर हिवाळ्यात जमीन गोठलेली असते, वर बर्फ. यंत्रं फिरली तरी माती दबत नाही, अस्पेनची मुळं चिरडत नाहीत. तीच तोड ओल्या उन्हाळी मातीत केली तर फुटवे कमी, चिखलाच्या चाकोऱ्या जास्त.

मुरबाडचा_आप्पा
म्हणजे तोड नीट केली तर येतं. मी काय वेगळं म्हणालो?

घोडबंदरकर
आप्पा, तुम्ही तिचा चुकीचा ग्राफ बरोबर ठरवलात!

ऐरोलीची_ठमी
अरे देवा. १०० ला मी स्लाइडवर ‘संपूर्ण तोड’ असं लाल अक्षरात लिहिलंय. पण मग शेवाळ सफाचट जागी का जातं? ऊन मिळालं तर बरंच की.

खारघरची_मैना
या शेवाळांना मुळं नाहीत, आतून पाणी वर चढवायची सोयही नाहीच म्हणायची. पाऊस, दव, हवेतली ओल जी अंगावर पडेल तेवढीच. वरची सावली गेली की गादी कोरडी ठक्क पडते. हायलोकोमियम पाहिलंय का कधी फोटोत? दर वर्षी जुन्या फांदीच्या पाठीवर नवी पायरी काढतं, जिन्यासारखी. पायऱ्या मोजून वय सांगता येतं. एवढ्या संथपणे वाढणारं एकदा वाळलं की लवकर भरून निघत नाही.

आणि गवत जमिनीखालच्या धावत्या खोडांनी पसरतं. सावलीत ते चार पात्यांवर तग धरून असतं, उजेड मिळाला की सुटतं. वाळलेलं गवत बर्फाखाली दबून जाड थर होतो, त्याखाली माती उन्हाळ्यातही थंड राहते. स्प्रूसचं रोप त्यातच गुदमरतं.

ऐरोलीची_ठमी
आता सगळं जुळतंय, फक्त ७५ सोडून. त्यातले काही प्लॉट पूर्ण शेवाळाचे, काही गवताचे, मधले जवळपास नाहीतच. सरासरी काढली तर निरर्थक येतेय.

घोडबंदरकर
सरासरी काढूच नका. तिथे झाडं विरळ केलेली नाहीत, पट्ट्यांत कापलीत. यंत्र जायला ५ मीटरचा मार्ग, मग १५ मीटर जंगल, पुन्हा मार्ग. २० मीटरमधले ५ गेले, झाले ना ७५ शिल्लक? त्या ट्रीटमेंटमध्ये मार्गाबाहेरचं झाडच कापत नाहीत. प्लॉट मार्गात आहे की उभ्या ठेवलेल्या पट्ट्यात हे सांगणारा कॉलम असणार.

ऐरोलीची_ठमी
होता. सी आणि आर. मला वाटलं सेंटर आणि राइट. उडवला.

घोडबंदरकर
...

मुरबाडचा_आप्पा
कूपात ट्रकचा रस्ता असतो तिथे असंच. बाजूला साग फुटलेला, रस्त्यावर नुसतं रानमोडीचं तण.

खारघरची_मैना
आप्पा, हे मात्र अगदी चपखल.

ऐरोलीची_ठमी (गुरुवार, दुपारी १:१५)
मूळ फाइल ऑफिसच्या मशीनवर होती, वाचले. सी म्हणजे कॉरिडॉरच, यंत्राचा मार्ग; आर म्हणजे उभा पट्टा. ७५ चे दोन भाग केले: सी वाले गवताकडे सरकले, आर वाले शेवाळात १०० च्या जवळ जाऊन बसले. लाल अक्षरं काढली. घोडबंदरकर, मैना, मनापासून आभार. आप्पा, रानमोडीचं उदाहरण तोंडी सांगणार आहे, चालेल ना? संपादक, शीर्षकातलं ‘ग्राफ उलटा येतोय’ काढता येईल का? ऑफिसातलेही इथे वाचतात.

वाघबीळची_बाल्कनी
शेणखताने आम्लता वाढते की कमी होते एवढंच सांगा कोणीतरी.