रतनगड ते हरिश्चंद्रगड, दोघंच: गॅस, स्पिरिट की गोळ्या?

मुलुंडचा_पायपीटवाला
नमस्कार मंडळी. जानेवारीत मी आणि मावसभाऊ रतनगड–कात्राबाई खिंड–कुमशेत–पाचनई–हरिश्चंद्रगड करतोय. तीन दिवस, दोन मुक्काम. आजवर मोठ्या ग्रुपबरोबर गेलो, तेव्हा पाच किलोचा सिलिंडर आळीपाळीने वाहायचो. आता दोघंच आहोत, त्यामुळे सॅक हलकी ठेवायचीय. सरपण तोडायचं नाही हे ठरलंय, तो सगळा पट्टा अभयारण्यात येतो. दोन वेळचा चहा, सकाळी मॅगी किंवा उपमा, रात्री खिचडी, बस.
दादरच्या दुकानात स्क्रूचा बुटका गॅस कॅनिस्टर पाहिला आणि लांबट स्प्रेच्या डब्यासारखा स्वस्त कार्ट्रिजही. एक मित्र म्हणतो, कोल्ड्रिंकच्या कॅनचा स्पिरिट स्टोव्ह कर, वीस ग्रॅममध्ये काम होतं. खरंच हलकं काय पडेल? जाताना नेहमीची कसारा लोकल.

डोंबिवली_डोंगर
हेक्सामिनच्या गोळ्या घे, म्हणजे पेटवायच्या घन इंधनाच्या वड्या. १४ ग्रॅमच्या एका गोळीत अर्धा लिटर पाणी उकळतं, सांडायची भीती नाही. पण वास उग्र येतो आणि टोपाच्या बुडाला चिकट तपकिरी थर बसतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. चहापुरतं ठीक. खिचडीला आच कमी-जास्त करता येत नाही.

चेंबूरची_भटकी
दादा, आधी कसारा लोकलचं बघ, ग्रॅमचं नंतर. गॅसचा डबा, स्पिरिट, रॉकेल यातलं काहीही रेल्वेने नेता येत नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम ६७ आणि १६४: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "सगळेच नेतात" असं ट्रेकर मंडळींत सर्रास ऐकू येतं आणि मला त्याची खरोखर चीड येते. शुक्रवार रात्रीच्या कसारा लोकलमध्ये दारापर्यंत माणसं उभी असतात. त्या गर्दीत एखादी बाटली गळली तर पळायला जागा नाही. एसटीतही हे न्यायचं नसतं. म्हणजे स्टोव्ह हवा असेल तर मुंबईपासून स्वतःची गाडी हवी.

आता वजनाचा हिशोब. दोघांना दिवसाला साधारण चार लिटर पाणी उकळावं लागेल. वारा नसेल आणि झाकण ठेवलं तर लिटरला १२ ते १५ ग्रॅम गॅस जातो. तीन दिवसांचे पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २३० ग्रॅमचा एक कॅनिस्टर पुरून उरतो. डब्यासकट तो पावणेचारशे ग्रॅमच्या जवळपास भरतो, वर शंभरेक ग्रॅमचा बर्नर.
स्पिरिटला लिटरमागे ३५ ते ४० मिली लागतात. तीन दिवसांचे साडेचारशे मिलीच्या वर, म्हणजे पावणेचारशे ग्रॅम तेच. बाटली आणि वाऱ्याचा आडोसा धरला तर गॅसशी जवळपास बरोबरी होते. मित्राच्या वीस ग्रॅमच्या स्टोव्हचा फायदा एका मुक्कामापुरता. स्पिरिट मिळतं हार्डवेअरच्या दुकानात, फर्निचरवाले चपडा लाख विरघळवायला वापरतात ते. थिनर वेगळा, तो नको. आणि स्पिरिट पाण्याच्या बाटलीत भरू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं.

माझा स्पिरिटला खरा विरोध गवतामुळे आहे. जानेवारीत कात्राबाईच्या वाटेवर गवत कमरेएवढं आणि कोरडं ठणठणीत असतं. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. विझलाय समजून कुणी वरून ओतलं, की बाटलीच पेट घेते. सांडलं तर वणवा. गॅसला निदान नॉब आहे, फिरवला की बंद.

तेव्हा गॅसच. त्यातही स्क्रूचा, आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा. लांबट कार्ट्रिजमध्ये बहुधा नुसतं ब्युटेन असतं. ते शून्याच्या जरा खाली वाफ व्हायचं थांबतं, आणि वापरता वापरता डबा स्वतःच गार होतो, म्हणून पहाटेच्या थंडीत ज्योत मरगळते. तोच घेतलात तर रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा. तो आडवा ठेवून वापरायचा असतो, तोंडावरची खाच वरच्या बाजूला. उलटा ठेवला तर वाफेऐवजी द्रवरूप गॅस बर्नरमध्ये येतो आणि हातभर भडका उडतो.

वाऱ्याला आडोसा करा, पण डब्याला चारी बाजूंनी कोंडू नका, तापून फुटू शकतो. तंबूत किंवा बंद गुहेत स्टोव्ह पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खिचडीसाठी तांदूळ आणि मूगडाळ तासभर भिजवा. एक सणसणीत उकळी आली की बंद करून टोप जॅकेटमध्ये गुंडाळा. वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. गडावर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे भिजवणं टाळू नका.

गिरगावचे_काका
आमच्याकडे पितळी पंपाचा रॉकेल स्टो असायचा. थंडीत त्याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही. पण आधी बर्नर तापवा, पिन मारा, आणि सॅकमधल्या भाकरीलाही रॉकेलचा वास. दोघांनी तीन दिवसांसाठी तो उपद्व्याप करू नये. ताई रेल्वेबद्दल म्हणतात ते शंभर टक्के खरं.

मुलुंडचा_पायपीटवाला
ताई, काका, आभार. कायद्याचं इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. भावाची गाडी आहे, पण ती रतनवाडीत राहील आणि आम्ही उतरणार पाचनईला. परत गाडीपर्यंत यायचं कसं? उरलेला डबा घेऊन एसटी नको.

चेंबूरची_भटकी
पाचनईत आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर रतनवाडीपर्यंत खाजगी जीप मिळू शकते. डबा आहे हे चालकाला आधी सांगा. गाडीत तो उन्हाच्या काचेमागे ठेवू नका, रिकामा झाला तरी दरीत टाकू नका, मुंबईला परत आणा.
आणि एक विचार करून बघ. कुमशेतला आणि पाचनईला घरगुती जेवण मिळतं. पिठलं-भाकरी, ठेचा, चुलीवरचा चहा. दोन्ही रात्री तिथे जेवलात आणि सोबत दशम्या, सातूचं पीठ, मेतकूट घेतलंत, तर स्टोव्हच लागणार नाही. मग गाडीही नको, कसारा लोकलने निवांत जा. गावात पैसे पोचतात तेही महत्त्वाचं. रतनवाडीत उतरलात की पुढच्या दोन्ही गावांत फोन करून माणसं किती ते कळवा, म्हणजे भाकऱ्या तयार राहतील.

मुलुंडचा_पायपीटवाला
भावाला विचारलं, तो पिठलं-भाकरीवर लगेच तयार. गाडी रद्द, स्टोव्ह घरी. दशम्या दुधातल्या की गुळाच्या जास्त टिकतील?

गिरगावचे_काका
दुधात, गूळ घालून मळलेल्या. पाणी अजिबात नको, तीन दिवस आरामात राहतात.