कॉलेज बास्केटबॉलचे आक्रमण : आखलेल्या चाली की खेळाडूंना मोकळीक?

बेसलाइन (धागाकर्ता)

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते : प्रशिक्षक बाकावरून चाल पुकारतात, पाच खेळाडू ती पाठ केल्याप्रमाणे खेळतात आणि खेळातील उत्स्फूर्तता मारली जाते. मला ही तक्रार मुळातच चुकीची वाटते. कनेक्टिकट विद्यापीठाच्या पुरुष संघाने डॅन हर्ली यांच्या मार्गदर्शनाखाली 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले आणि त्या दोन्ही स्पर्धांतील बाराही सामने किमान 13 गुणांच्या फरकाने जिंकले. त्यांच्या आक्रमणाचा कणा होता तो आखीव चालींचा आणि चेंडूपासून दूर, एकामागून एक लावलेल्या स्क्रीन्सचा (सहकाऱ्यामागे लागलेल्या बचावपटूची वाट अडवायला मध्ये स्थिर उभे राहणे म्हणजे स्क्रीन).

ही पद्धत कॉलेजात का रुजली, याचे कारण बरेचसे नियमांतच आहे. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये 2001-02 पासून बचावपटूला, जवळ प्रतिस्पर्धी नसताना, रिंगसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. कॉलेजात अशी बंदी नाही, त्यामुळे उंच सेंटर रिंगखाली ठाण मांडून बसतो आणि ड्रिबल करत आत घुसणाऱ्याला वाटच उरत नाही. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घेण्यासाठीची वेळमर्यादा, मात्र एनबीएतील 24 ऐवजी 30 सेकंदांचे असते. म्हणजे एकट्याच्या बळावर बचाव फोडणे अवघड, पण चार-पाच हालचाली जुळवून आणायला वेळ पुरेसा.

'फ्लॉपी' ही जुनी चाल घ्या. नेमबाज रिंगखाली उभा असतो. त्याच्या एका बाजूला स्क्रीन लावायला एक सहकारी, दुसऱ्या बाजूला दोन. कोणत्या बाजूने धावायचे हे तोच ठरवतो. बचावपटू मागून पाठलाग करत असेल तर स्क्रीनला खांदा घासून आत वळायचे. तो स्क्रीनपलीकडून आडवा यायला बघत असेल तर उलट कोपऱ्याकडे सरकून थ्री पॉइंटर (दूरवरून तीन गुणांचा शॉट) मारायचा. नेमबाजाला रोखायला स्क्रीन लावणाऱ्याचा बचावपटू पुढे धावला, तर स्क्रीन लावणाराच रिंगकडे मोकळा सुटतो. कनेक्टिकटचे नेमबाज, 2023 मध्ये जॉर्डन हॉकिन्स आणि 2024 मध्ये कॅम स्पेन्सर स्क्रीनमागून ज्या पद्धतीने सुटत असत, त्याला केवळ पाठांतर म्हणणे अन्यायाचे आहे.

अर्धवर्तुळ

तुमचे उदाहरण प्रभावी आहे, पण ते चालींपेक्षा खेळाडूंविषयी अधिक सांगते. 2024 च्या संघात स्टेफॉन कॅसल आणि डोनोव्हन क्लिंगन होते आणि दोघेही लगेच एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत निवडले गेले. 2025 मध्ये प्रशिक्षक तेच होते, पण संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत फ्लोरिडाकडून 77-75 असा हरला. पुढे विजेतेपदही फ्लोरिडानेच मिळवले, आणि कनेक्टिकटविरुद्धच्या त्या सामन्याच्या शेवटी निर्णायक थ्री पॉइंटर मारले ते वॉल्टर क्लेटन ज्युनियर याने.

मोकळ्या आक्रमणाची बाजू मांडायची तर प्रशिक्षक बॉब नाइट यांच्या इंडियाना संघाकडे पाहावे लागेल. 1976 मध्ये हा संघ 32-0 अशा कामगिरीने अजिंक्य राहिला आणि त्यानंतर पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत एकही विजेता अपराजित राहिलेला नाही. नाइट यांच्या मोशन पद्धतीत जागा ठरलेल्या नसत. एकमेकांत अंतर ठेवा, बचाव पाहून स्क्रीन लावा, पास दिल्यावर उभे राहू नका, असे दंडक तेवढे असत. 1987 च्या अंतिम सामन्यात सिरॅक्यूजने शेवटच्या क्षणांत इंडियानाचा मुख्य नेमबाज स्टीव्ह अल्फर्ड याला पुरते जखडले होते. तेव्हा कीथ स्मार्टने चेंडू आत डॅरिल थॉमसकडे दिला, थॉमसने स्वतः घाईचा शॉट न घेता तो परत स्मार्टकडे टाकला आणि स्मार्टने बेसलाइनजवळून (रिंगमागच्या सीमारेषेजवळून) मारलेल्या शॉटवर इंडियाना 74-73 ने जिंकला. ज्याच्यासाठी चाल आखायची तोच खेळाडू बंद झाला, तेव्हा त्या संघाचे अडले नाही, आणि माझ्या मते शिकवायचे असते ते हेच.

रेषेबाहेर

दोघांनीही पंचांचा विचार केलेला नाही. टक्कर होते त्या क्षणी स्क्रीन लावणारा स्थिर हवा, आणि बचावपटूला दिसणार नाही अशा बाजूने स्क्रीन लावला असेल तर त्याला एक पाऊल टाकण्याइतकी मोकळी जागा द्यावी लागते. प्रत्यक्षात कंबर पुढे काढणे, पाय पसरणे, बचावपटूला हाताने किंचित धरून ठेवणे हे सर्रास चालते, कारण पंचांची नजर बहुतेक वेळा चेंडूकडे असते. स्क्रीन जितके जास्त, तितका निकाल पंचांच्या सैलपणावर अवलंबून राहतो.

बेसलाइन

रेषेबाहेर, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावर उपाय काटेकोर पंचगिरीचा आहे, चाली सोडून देण्याचा नाही.

अर्धवर्तुळ, 1987 ला माझे उत्तर 2016 च्या अंतिम सामन्याचे आहे. व्हिलानोव्हा आणि नॉर्थ कॅरोलायना 74-74 अशा बरोबरीत होते आणि 4.7 सेकंद उरले होते. घामाने ओल्या झालेल्या मैदानावर, जिथे स्क्रीन लावायचा होता ती जागा व्हिलानोव्हाच्या डॅनियल ओचेफूने स्वतः हातात मॉप घेऊन पुसली, कारण आपले पाय नेमके कुठे रोवायचे आहेत हे त्याला आधीच ठाऊक होते. रायन आर्चिडियाकोनोने चेंडू पुढे आणला, त्या स्क्रीनमुळे त्याचा बचावपटू क्षणभर मागे पडला आणि मागून धावत आलेल्या क्रिस जेंकिन्सने वेळ संपता संपता थ्री पॉइंटर मारला. प्रशिक्षक जे राइट यांचा हा व्हिलानोव्हा संघ सरावात ही चाल नियमितपणे घोटत असे. एवढ्या कमी वेळात पाच जणांनी काय करायचे ते आपापल्या मनाने ठरवले असते, तर ती जागा कुणी पुसली असती?

अर्धवर्तुळ

पण आर्चिडियाकोनो स्वतः शॉट घेऊ शकत होता. बचाव आपल्याकडे ओढला गेला आहे हे पाहून त्याने जेंकिन्सकडे चेंडू दिला, आणि तो निर्णय चौथ्या वर्षाच्या खेळाडूचा होता. आज चार वर्षे एका संघात राहतो कोण? 2021 पासून खेळाडूला एकदा, आणि 2024 पासून कितीही वेळा, वर्षभर बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येते. दर उन्हाळ्यात निम्मा संघ नवा असेल, तर एखाद्या प्रशिक्षकाची खास चालींची वही खेळाडूच्या पुढच्या विद्यापीठात निरुपयोगी ठरते. बचाव वाचण्याची सवय मात्र त्याच्याबरोबर जाते.

बेसलाइन

नेमक्या याच कारणासाठी मला चाली हव्या आहेत. नाइट यांची मोशन पद्धत अंगवळणी पडायला मुळात अनेक हंगाम एकत्र खेळलेले खेळाडू लागतात. स्पेन्सर मात्र 2024 च्या विजेत्या संघात त्याच हंगामात दुसऱ्या विद्यापीठातून आला होता. कोणता स्क्रीन कुठे आणि केव्हा लागणार हे ठरलेले असल्यामुळे त्याला एकच गोष्ट पाहायची होती : आपला बचावपटू मागे आहे की आडवा.