मदत हवी आहे: दात घासताना उमासे येतात
ब्रश मागच्या दाढांकडे गेला की लगेच उमासा येतो, डोळ्यांत पाणी येतं. खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला सगळ्यात जास्त. जिभेच्या मुळाशी किंवा टाळूच्या मऊ भागाला काही लागलं की असं आपोआप होतं, हे माहीत आहे; पण म्हणून 2 मिनिटं नीट घासणं सोडून कसं चालेल? दाढा किडतील याची खरंच काळजी वाटते.

लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश आणलाय, नाकाने श्वास घेत घासते, त्याने थोडा फरक आहे. फेस घशाकडे उतरला की मात्र पुन्हा तेच. सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली, कमी फेसाची पेस्ट कुणी वापरलीये का? फ्लोराइड हवंच. ब्रश रोज थोडा थोडा मागे नेऊन कुणाला सवय झालीये का? आणि जीभ कशी साफ करता?