वाड्यांवरच्या विहिरी-झऱ्यांची खुली नोंद: ओपनस्ट्रीटमॅप की एक्सेल?

पाणवठा
तालुक्यातल्या पंधरा गावांच्या वाड्या-पाड्यांवरचे पाणवठे नोंदवायचे आहेत: विहिरी, झरे, हातपंप, अंदाजे दोनशे. कॉलेजची वीस मुलं आहेत, सगळ्यांकडे अँड्रॉइड फोन. गटात दोन तट पडलेत. काहींना सरळ ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर) टाकायचंय, काहींना आपली एक्सेल बरी वाटते. शिवाय शीट २०११च्या जनगणनेच्या गावयादीशी जोडायला गेलो तर बरीच गावं जुळतच नाहीत, नावं डोळ्यांना सारखी दिसत असूनही. काय चुकतंय?

कातळखूण
दोन्ही लागतील, फक्त वाटणी नीट करा. जे जागचं हलत नाही ते ओएसएमवर (ओपनस्ट्रीटमॅपवर): विहीर कुठे आहे, झरा बारमाही की हंगामी, तिथवर पायवाट जाते की गाडीरस्ता. पाण्याची पातळी, बिघडलेला हातपंप असलं दर महिन्याला बदलणारं शीटमध्ये. ओएसएमवर कुणी ते अद्ययावत ठेवणार नाही आणि वर्षभराने चुकीची माहिती खरी म्हणून फिरेल.

दोन्हींना जोडायला ओएसएमचा नोड क्रमांक (नकाशा प्रत्येक बिंदूला आपोआप देतो तो) वापरू नका. कुणी बिंदू पुसून त्या जागी विहिरीचा गोल काढला की तो क्रमांक गेला. स्वतःचा क्रमांक द्या (गावाचा कोड आणि पुढे ०१, ०२) आणि अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत ठेवा. तेवढ्यात साधारण एक मीटरची अचूकता येते, फोनचा जीपीएस त्याहून बारीक देतही नाही. झाडीत किंवा घळीत पोचल्यावर लगेच बिंदू मारू नका. मिनिट-दोन मिनिटं थांबा, अचूकतेचा आकडा खाली येऊ द्या.

ओएसएमवर वाडीला ‘प्लेस’मध्ये (वस्तीच्या प्रकारात) ‘हॅम्लेट’ म्हणजे वाडी लावा, ‘व्हिलेज’ म्हणजे गाव नको. मराठी नाव ‘नेम:एमआर’मध्येही भरा. नवे बिंदू टाकायला ‘एव्हरी डोअर’ किंवा ‘व्हेस्पुची’ हे ॲप घ्या. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ मुख्यतः आधीच्या नोंदींमधल्या त्रुटी भरायला आहे. गूगल नकाशावरून नाव किंवा जागा उचलू नका, परवान्यात बसत नाही. एडिटरमध्ये मिळणारी बिंगची उपग्रहचित्रं चालतात, पण डोंगरउतारावर ती काही मीटर सरकलेली असतात. आधी रस्त्याच्या जीपीएस मागाशी (फोन घेऊन जाताना नोंदलेल्या वाटेशी) जुळवून घ्या.

नुक्ता
गावयादीचं दुखणं बहुतेक ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’मध्ये आहे. ‘गोऱ्हे’ घ्या. काही कीबोर्ड ‘ऱ’ आणि हलन्त देतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला अक्षर एकच, एक्सेलच्या लेखी शब्द दोन. शब्दातली चिन्हं मोजणारं ‘लेन’ सूत्र लावून बघा: पहिल्याचे ६ येतील, दुसऱ्याचे ७. युनिकोडचं नेहमीचं ‘एनएफसी’ प्रमाणीकरण (एकच अक्षर दोन तऱ्हांनी साठवलेलं असेल तर एकसारखं करणारं) हा फरक मिटवत नाही, तो ‘शोधा-बदला’नेच काढावा लागतो.

मग बुद्रुक-खुर्द. एका यादीत ‘बु.’, दुसरीत ‘बुद्रुक’, तिसरीत ‘बु॥’. नुसतं ‘गोऱ्हे’ ठेवून जोडलंत तर गोऱ्हे बुद्रुक आणि गोऱ्हे खुर्द एकमेकांत मिसळतील, आणि हे लवकर लक्षातही येत नाही, कारण जोडणी ‘यशस्वी’ झालेली असते.

म्हणून नावावर जोडूच नका. जनगणनेचा सहा आकडी गावकोड आहे. मुलांना फॉर्ममध्ये गाव टाइप करायला लावू नका, यादीतून निवडू द्या म्हणजे कोड आपोआप बसेल. आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) डबलक्लिकने उघडू नका, मराठीचा चुराडा होतो. ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि अक्षरांच्या संकेतासाठी यूटीएफ-८ निवडा.

दोरी_गज
पातळी मोजणार असाल तर एक चूक हमखास होते. दोरी कठड्यावरून सोडतात आणि तोच आकडा लिहितात. कठडा जमिनीपासून ०.८५ मीटर आणि दोरी ७.४० मीटर भिजेपर्यंत गेली, तर पाणी जमिनीखाली ६.५५ मीटरवर. कठड्याची उंची एकदाच मोजून शीटच्या वेगळ्या रकान्यात ठेवा, कठड्यावर रंगाची खूण करा, दर वेळी तिथूनच दोरी सोडा. सुती दोरी भिजली की तिची लांबी बदलते, टेप घ्या. उपसा चालू असताना मोजू नका, सकाळी पंप लागण्याआधी जा. वेळ लिहा, नाहीतर मे आणि ऑक्टोबरचे आकडे एकमेकांशेजारी मांडता येणार नाहीत.

पाणवठा
‘लेन’ने एक चिन्ह जास्त आलं, अकरा गावांत! कोडवर जातो. दोनशे बिंदू शीटमध्ये गोळा करून एकाच खात्यावरून एकदम चढवले तर?

कातळखूण
नको. तशी ठोक भर म्हणजे आयात. ती आधी ओएसएमच्या समुदायापुढे मांडावी लागते, नाहीतर सगळीच्या सगळी मागे फिरवली जाऊ शकते. प्रत्येकाने स्वतःचं खातं काढून जागेवरूनच टाकावं. निघण्यापूर्वी ‘ओव्हरपास टर्बो’ या ओएसएमच्या नोंदी शोधायच्या संकेतस्थळावर तालुक्यातल्या आधीच्या विहिरी काढून छापील यादी प्रत्येक जोडीला द्या, म्हणजे एकाच विहिरीचे दोन बिंदू होणार नाहीत. पहिल्या दिवशी दोनच वाड्या घ्या.